फुटाण्याचा हिशोब

माझा धंदा हिशोबाचा. नाशिकला इंदिरानगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून दहा-बारा दुकानदारांची जीएसटीची कामं बघते. दर महिन्याच्या २० तारखेआधीचे चार दिवस मी कुणाशी धड बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त मिरीला नव्हतं. गेल्या वर्षी आषाढात पार्किंगमधल्या पत्र्याखाली हे काळं गावठी पिल्लू सापडलं. तेव्हा दोन महिन्यांचं असावं, डॉक्टरांनी दात बघून तसं सांगितलं. नाव सासूबाईंनी ठेवलं. "मिऱ्याच्या दाण्याएवढी आहे, पण ठसका बघा तिचा." सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो, पुढेही तसंच लिहिते.

पहिले सहा महिने लाडात गेले. मग पौषातल्या एका सकाळी आई चहाचा कप घेऊन गॅलरीत निघाल्या आणि मिरीने मागून पुढचे दोन्ही पाय त्यांच्या कमरेवर टाकले. कप फुटला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून आई वाचल्या. आईंचं वय ७६, मिरीचं वजन १४ किलो. खुब्याचं हाड मोडलं की घराचं काय होतं ते आमच्या गल्लीने दोनदा बघितलंय. नवरा म्हणाला, "आता हिला शिस्त लावायलाच हवी."

शिस्त म्हटल्यावर आपल्याकडे जे डोळ्यांसमोर येतं तेच झालं. ओळखीतून एक ट्रेनर आले. मिरीच्या गळ्यात आवळणारी साखळी, त्यांच्या काखेत गुंडाळलेला पेपर. "सिट" म्हणायचं, झटका द्यायचा, बसली की पुढचं. मिरी बसायला लागली, हे खरं. पण कशी? कान मागे चिकटवून, ओठांवरून सारखी जीभ फिरवत, मान भिंतीकडे वळवून. तिसऱ्या दिवशी खाली त्यांच्या मोटरसायकलचा आवाज आला आणि ती पलंगाखाली गेली. वाकून बघितलं तर फरशी ओली. महिन्याचे पैसे आगाऊ दिले होते, ते गेले. आणि ज्या उडीसाठी हा खटाटोप, ती आईंच्या अंगावर तशीच चालू होती, कारण आईंच्या हातात साखळी कुठे होती? साखळी कुणाकडे असते एवढंच मिरी शिकली होती.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ती उडी मारते तेव्हा तुम्ही काय करता?" मी म्हटलं, ओरडतो, ढकलतो. "म्हणजे तिच्याकडे बघता, तिच्याशी बोलता, तिला हात लावता. तिला आणखी काय पाहिजे?"

घरी आले आणि चक्क वही काढली. सवयच ती. आठवडाभर मिरीने काय केलं आणि त्यावर लगेच तिला काय मिळालं, एवढे दोनच रकाने. आठवड्याच्या शेवटी वही वाचताना मला माझीच लाज वाटली. मुलगा कॉलेजातून आला, मिरीने उडी मारली, मिळाली मिठी. नवरा जेवायला बसला, मिरी भुंकली, मिळाला पोळीचा तुकडा ("एकदाच दिला गं", वहीत हा एकदाच पाच वेळा होता). मी फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतेय, मिरी भुंकली, "गप गं बाई" म्हणत मी स्वतः बिस्किट टाकलं. आई खायला काही देत नव्हत्या, पण उडी मारली की "अगं बाई माझे!" असं इतक्या गोड सुरात म्हणायच्या की मलाही वाटलं, मारावी एक. आणि मिरी गुमान पायपुसण्यावर पडलेली असायची त्या सगळ्या वेळांपुढे दुसरा रकाना कोरा. सहा महिने आम्ही हिला काही शिकवत नाही असं समजत होतो. रोज शिकवत होतो, पगार चुकीच्या कामाला देत होतो.

बरोबर कामाला पगार देण्याच्या या पद्धतीला पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणतात. हे नाव ऐकून लोकांना वाटतं, गोड बोलणं, लाड करणं. त्यातलं पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं नव्हे, बेरीज. कुत्र्याने काहीतरी केलं, त्याच क्षणी त्याला हवीशी एखादी गोष्ट तुम्ही घातलीत, आणि त्यामुळे ते काम पुढे वाढलं, तर ते पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट. वाढलं नाही, तर तुम्ही नुसतंच खायला घातलं. साखळीचा झटका हीदेखील बेरीजच, पण नकोशा गोष्टीची, काम कमी व्हावं म्हणून. उडी मारली की पाठ फिरवून उभं राहायचं ही वजाबाकी, तिला हवं असलेलं आपलं तोंड आपण काढून घेतलं. खात्यात जमा दिसलं म्हणजे नफाच झाला असं समजणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटतात, त्यामुळे हा घोळ मला लगेच कळला.

पुढे वाचत गेले. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे मानसशास्त्रज्ञ भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या पेटीत ठेवायचे, बाहेर मासा. आत एखादी दोरी किंवा खटका असायचा, त्याला धक्का लागला की दार उघडायचं. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, धडका द्यायचं आणि कधीतरी चुकून खटका दाबला जायचा. पुन्हा आत, पुन्हा तेच. हळूहळू निरर्थक धडपड गळत गेली आणि दार उघडणारी हालचाल तेवढी लवकर यायला लागली. मांजराला एका झटक्यात साक्षात्कार झालेला नाही. ज्यानंतर लगेच दार उघडलं ते टिकलं, बाकीचं झडलं. नंतर बी. एफ. स्किनर यांनी त्याचं पूर्ण शास्त्र केलं. पण मला सगळ्यात पटली ती कॅरन प्रायर यांची गोष्ट. १९६०च्या दशकात त्या हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकवायच्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी कशी घालणार? तो नुसता पोहून लांब जाईल. आणि उंच उडी मारलेल्या डॉल्फिनच्या तोंडात हवेतल्या हवेत मासा तरी कसा देणार? म्हणून शिट्टी. उडी बरोबर त्या उंचीवर गेली की शिट्टी, मासा मागाहून. शिट्टी सांगते की 'हे जे आत्ता केलंस ना, त्याचे पैसे येताहेत.'

कुत्र्यांसाठी त्या शिट्टीच्या जागी क्लिकर नावाची प्लास्टिकची डबी मिळते. ती मागवली. आईंच्या बोटांत संधिवात, त्यांना दाबता येईना. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी डबी कशाला?" आणि जीभ टाळूला लावून काढला आवाज: टॉक्! आईंचं माहेर निफाडजवळ. त्यांचे वडील बैलांना असा आवाज द्यायचे, त्या लहानपणी गाडीत मागे बसून तोच काढायच्या. मिरी पायपुसण्यावरून उठली, मान एकीकडे कलती करून आईंच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथेच ठरलं.

त्याआधी आम्ही 'शाब्बास' वापरून बघितलं होतं. शाब्बास फार लांब आहे हो. 'शा' म्हणेपर्यंत मिरी बसलेली असते, 'स' येईपर्यंत उठून उभी. फुटाणा मग उभं राहण्याला मिळतो.

पहिले दोन दिवस काहीच शिकवलं नाही. आई देवघराजवळच्या खुर्चीत, मांडीवर बिनमिठाच्या फुटाण्यांची वाटी. टॉक्, फुटाणा. टॉक्, फुटाणा. पंधरा-वीस वेळा, की वाटी वर. तिसऱ्या दिवशी मिरी खिडकीतून खाली बघत असताना आईंनी मागून टॉक् केलं आणि ती गर्रकन वळून खुर्चीपाशी आली. आवाजाला किंमत आली होती. यात एकच नियम मी घरात कडक ठेवला, टॉक् झालं की फुटाणा द्यायचाच, चुकून झालं असलं तरी. चेक दिलाय, वटलाच पाहिजे.

मग बसणं. मी आईंना दाखवलं, फुटाणा तिच्या नाकासमोर धरायचा आणि हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली. पाठीवर हात ठेवून दाबायचं नाही. पहिल्यांदा मिरी बसायच्या ऐवजी मागे मागे सरकत फ्रिजला टेकली. दुसऱ्यांदा पंजाने आईंचा हात खाली ओढला. तिसऱ्यांदा मागचे पाय वाकले, बूड फरशीला लागतंय न लागतंय तोच आई: टॉक्! माझ्यापेक्षा अर्धा सेकंद आधी. मी बघत होते पूर्ण बसण्याची वाट, आईंनी पकडलं ते बसायला लागणं. चौथ्यांदा ती धपकन बसली आणि खाली फिरलेल्या शेपटीने वाटी उडवली. फुटाणे देव्हाऱ्यापर्यंत. त्या दिवशीचा पगार बोनससकट झाला.

तीन-चार मिनिटांच्या वर धडा कधी घेतला नाही. चार-पाच दिवसांनी नुसता रिकामा हात वर नेला तरी बसायला लागली, आणि मग हाताच्या आधी शब्द जोडला, 'बस'. हा शब्द निवडताना डोकं चालवलं नाही, याचा पश्चात्ताप जेवणाच्या टेबलाशी झाला. मराठी घरात जेवताना 'बस' किती वेळा म्हणतात ते मोजून बघा. नवऱ्याला भात वाढला, "बस बस." मिरी बसली. आमटी, "बस, अगदी बस." मिरी आहे तशी आणखी ताठ बसली आणि माझ्याकडे थकबाकीदारासारखी बघायला लागली. शेवटी घरात पुरे म्हणायचं ठरलं. आईंना जमतं, नवऱ्याला अजून नाही.

टेबलाशी भुंकणं मोडणं सगळ्यात जड गेलं. तिथे करायचं काही नव्हतं, फक्त द्यायचं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी ती दहा मिनिटं भुंकली. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी भुंकणं, खुर्चीवर पंजे, शेवटी एक लांबलचक रडका सूर की वरच्या मजल्यावरच्यांनी फोन केला. बंद होण्याआधी असा भडका उडू शकतो, हे मी वाचलं होतं, घरात सांगितलंही होतं. चौथ्या दिवशी नवऱ्याने टेबलाखालून पोळी सरकवली. मी त्याला म्हटलं, आता तू तिला वीस मिनिटांचं भुंकायला शिकवलंस. आणि रोज न देता मध्येच कधीतरी देणं तर फारच वाईट. रोज मिळणारं बंद झालं की प्राणी लवकर नाद सोडतो. कधी मिळतं, कधी नाही, असं असलं की सहजासहजी सोडत नाही. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस रोज कुठे जिंकतो? आमचे दोन आठवडे त्या एका पोळीत गेले. शेवटी युक्ती केली, जेवणाआधी पायपुसणं टेबलापासून लांब टाकायचं, ती त्यावर पडून राहिली की मी उठून तिथे जाऊन द्यायचं. पगार टेबलाशी नाही, पायपुसण्यावर. आधी दहा सेकंदांनी, मग अर्ध्या मिनिटाने, आता जेवणभरात दोनदा.

काय द्यायचं हा वेगळाच हिशोब. घरात फुटाणा किंवा भाकरीचा तुकडा चालतो. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा, मोठा दिला तर चावण्यातच धडा संपतो. दिवसभरातल्या खाण्याचा दहावा हिस्सा, त्याच्या वर वरचं खाणं नाही. त्या मानाने जेवण कमी. रस्त्यावर मात्र फुटाण्याला कोण विचारतो? तिथे पनीर. आणि 'ये' म्हटल्यावर सगळं सोडून आली तर उकडलेली कोंबडी, जी आमच्या स्वयंपाकघरात शिजत नाही. मुलगा गॅलरीत इंडक्शनवर शिजवतो आणि आई तेवढा वेळ गॅलरीचं दार लावून घेतात.

नाशिकमध्ये कुत्रं पाळायचं म्हणजे द्राक्षांच्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून राहायचं. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कुणी ना कुणी पेटी आणून देतं, आणि द्राक्षं कुत्र्याला विष. मूत्रपिंड निकामी होतात. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला चार मणी पुरतात, आधी सांगता येत नाही. २०२१मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. तेच आम्ल चिंचेतही असतं, म्हणून आमच्याकडे चिंचेच्या कोळाची वाटीसुद्धा वर ठेवतात. बेदाणे तर वाळलेली द्राक्षंच. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आईंनी भक्तिभावाने मिरीपुढे धरला होता, मी अक्षरशः हातातून ओढला. आणि द्राक्षं झाली की कांदा. कच्चा, शिजलेला, कसाही असो, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. लसूण त्याचाच भाऊ. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या जिल्ह्यात राहायचं आणि दोन्ही कुत्र्याला वर्ज्य, म्हणजे उरलेले कांदेपोहे खाली टाकायची सोय गेली.

दोरीला ताण न देता चालणं अजून अर्धवट आहे. मिरीने ओढलं की मी जागच्या जागी खांबासारखी उभी राहते. दोरी सैल झाली की टॉक्, पनीर, पुढे. पहिल्या दिवशी फाटक ते कोपरा, दोनशे पावलं, २५ मिनिटं. एक गृहस्थ स्कूटर थांबवून विचारून गेले, "मॅडम, चप्पल तुटली का?"

ढोलाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण हे दुखणं खास आपल्या गावचं. नाशिक ढोल आपल्याला कानाने कळायच्या आधी छातीत कळतो, कुत्र्याचं काय होत असेल? पहिल्या गणपतीत मिरी चार-साडेचार महिन्यांची. दहा दिवस बाथरूममध्ये बादलीमागे. यंदा श्रावणात मागच्या मैदानावर पथकाचा सराव सुरू झाला, तसं आम्हीही रोज संध्याकाळी सातला निघालो, मैदानाच्या उलट दिशेला. देवळाच्या पलीकडे, साधारण चारशे पावलांवर, ढोल नुसता धुमसल्यासारखा ऐकू येतो. तिथे थांबायचं. ढोल वाजला की कोंबडी, थांबला की डबा बंद. आधी ढोल, मग खाणं, हा क्रम उलटा चालत नाही. उलटा केला तर डबा उघडला की आता ढोल येणार, असं ती शिकेल आणि डब्यालाच घाबरेल. इथे बस नाही, काही नाही, तिने काहीच करायचं नाही. ढोलाचा पगार ढोल वाजला म्हणूनच.

किती जवळ जायचं हे तीच सांगते. तोंडापुढची कोंबडी तिने घेतली नाही की आपण फार जवळ आलो, मुकाट्याने मागे फिरायचं. एका शनिवारी मी हौसेने पन्नास पावलं जास्त गेले. शेपूट पायांत, तोंड घट्ट बंद, कोंबडी रस्त्यावर पडली ती पडलीच. पुढचे तीन दिवस देवळाच्याही अलीकडून सुरुवात करावी लागली. भाद्रपद लागेपर्यंत शंभर पावलांपर्यंत पोचलो. मिरवणुकीत नेलं नाही, नेणारही नाही. त्या दिवशी आतल्या खोलीत पंखा, टीव्ही आणि आई. पण पहिला ठोका पडला तेव्हा मिरी बादलीमागे गेली नाही. वळून आईंकडे बघितलं. माझं कुठंय? दिवाळीतल्या सुतळी बॉम्बला हे पुरेल का, माझी छाती होत नाही म्हणायची.

आणि उडी? ज्या उडीपासून हे सुरू झालं ती जवळजवळ गेली, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होते. दारावर कुणी आलं की मिरी बसते, टॉक्, फुटाणा. दूधवाला साडेसहाला येतो, त्याच्याही खिशात आईंनी फुटाण्याची पुडी दिलीय. परवा मी दार उघडलं नाही, मागे उभी राहून नुसतं बघितलं. मिरी धावत गेली, पुढचे दोन पाय त्याच्या गुडघ्यावर हलकेच टेकवले, अगदी नमस्कार केल्यासारखे, लगेच खाली घेतले, टुणकन बसली आणि वर बघितलं. दूधवाल्याने फुटाणा दिला. आई खुर्चीतून म्हणाल्या, "बघ, कशी शहाणी झालीय."

म्हणजे आम्ही बसण्याचे पैसे मोजत होतो आणि ती आम्हाला 'उडी आणि बसणं' असा जोड माल विकत होती. उडी मारल्याशिवाय बसायची वेळच येत नाही, हे तिने कधीच ओळखलं होतं. रात्री जुनी वही काढली, दोन रकाने पुन्हा आखले. उद्यापासून पाय उचलायच्या आत टॉक् आलं पाहिजे, दार उघडल्यापासून फार तर एक सेकंद. माझ्याने ते होणार नाही. आईंना साडेसहाच्या आधी उठवून दारापाशी खुर्ची टाकून द्यावी लागेल, आणि त्यांना सकाळचा चहा झाल्याशिवाय जिभेने टॉक् करता येत नाही.